नियम हवेत, असं मी आता म्हणतो

जागतिक व्यापार संघटनेतून भारतानं बाहेर पडावं, असं मी खामगाव आणि आसपासच्या कितीतरी सभांतून बोललो आहे. डंकेल प्रस्तावाविरुद्ध पत्रकं वाटली, लेख लिहिले, गावोगावच्या पारांवर रात्री उशिरापर्यंत वाद घातले. आज माझं मत ते राहिलेलं नाही. ज्यांनी माझी भाषणं ऐकून माना डोलावल्या, त्यांना हे सांगणं मी लागतो. मत बदललं म्हणजे समोरच्या गोटात जाऊन बसलो असं मात्र नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी, ते मत आलं कुठून. खामगावात वाढलेल्या माणसाला परदेशी व्यापार पुस्तकातून शिकावा लागत नाही. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं आणि १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेची रुई मिळेनाशी झाली, तेव्हा त्यांचे डोळे इकडे वळले. भाव कधी नव्हे इतके चढले आणि युद्ध संपल्यावर कोसळले. पण तोवर खामगाव लिव्हरपूलशी बांधलं गेलं होतं. जलंबहून इथपर्यंतचा रेल्वेचा छोटा फाटा कापसासाठीच टाकला गेला. १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले. स्वित्झर्लंडच्या फोलकार्ट कंपनीनं इथे एजन्सी उघडली. रुईत भेसळ करणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा मुंबई सरकारनं १८६३ मध्येच केला होता. भाव पडला तर पिकवणाऱ्याचं काय, याचा कायदा कुणी केला नाही. पुढे १८९६ पासून भारतीय गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसवली गेली, आणि ती कशासाठी, तर लँकेशायरच्या कापडाला इथे स्पर्धा जड जाऊ नये म्हणून. ती उठायला १९२५ संपत यावं लागलं. हे सगळे नियमच होते. ते ठरवताना वऱ्हाडचा एकही शेतकरी तिथे हजर नव्हता.

असा इतिहास पाठीशी असलेल्या माणसापुढे १९९१ च्या अखेरीस जागतिक व्यापाराच्या नव्या करारासाठी आर्थर डंकेल यांनी केलेला मसुदा आला. परक्यानं लिहिलेला आणखी एक नियम, आपल्या गळ्याला आणखी एक फास, असंच आम्हाला वाटलं. शेतकरी संघटनेचे शरद जोशी नेमकं उलट बोलत होते. त्यांचं म्हणणं असं, की भारतीय शेतकऱ्याला सबसिडी मिळतच नाही. निर्यातबंदी आणि लेव्ही लावून सरकार त्याचा भाव पाडतं, म्हणजे त्याची सबसिडी उणे आहे. जगाचे नियम आले तर ही लूट चव्हाट्यावर येईल. बुलढाणा जिल्ह्यात त्यांना मानणारी माणसं घरोघरी होती, आमच्या घरातही होती. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा दोन्ही बाजूंच्या तोंडी असायची. दाम कुठून मिळेल, यावर मतभेद होता.

१ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली, आणि पुढच्या काही वर्षांत जे घडलं त्यानं माझंच म्हणणं खरं ठरत गेलं असं मला वाटलं. ते कसं, हे समजायला बाजार समितीच्या यार्डातला हिशेब बघावा लागतो. एक क्विंटल कापूस जिनात गेला की साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. बाकी सरकी आणि थोडी घट. रुईचा भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराकडे बघून ठरतो. सरकीचा भाव तिच्या तेलावर आणि ढेपेवर, आणि तेल-ढेप पुन्हा सोयाबीन आणि पामतेलाच्या मागे जातात. हर्रासाच्या वेळी गाडीवर चढलेला खरेदीदार आतून मूठभर कापूस उपसतो. दोन्ही चिमटीत धागा ताणून तोडतो, कवडी किती, ओल किती ते बोटांनीच जोखतो आणि क्षणात आकडा बोलतो. गाडीवाल्याला वाटतं, आपल्या मालाची परीक्षा झाली. मालाची परीक्षा त्या आकड्यात दोनशे-चारशे रुपयांची असते. बाकीचा आकडा आधीच दुसरीकडे ठरलेला असतो.

२००१-०२ च्या हंगामात जगात रुईचा भाव पौंडाला सरासरी ४२ सेंटांपर्यंत उतरला. त्याच हंगामात अमेरिकेनं आपल्या सुमारे २५ हजार कापूस उत्पादकांना ३९० कोटी डॉलरचं अनुदान दिलं, असं ऑक्सफॅमनं २००२ च्या अहवालात मांडलं. अमेरिका सगळ्या आफ्रिका खंडाला जी मदत देत होती, तिच्या तिपटीहून ही रक्कम जास्त होती. भाव पडला की तिथला शेतकरी सरकारकडून फरक घ्यायचा आणि पुढच्या वर्षी तितकाच पेरा करायचा. उरलेली रुई जगाच्या बाजारात यायची. आमच्याकडे भाव पडला की माणूस सावकाराकडे जायचा. त्या वर्षांत विदर्भातून ज्या बातम्या येत होत्या त्या पुन्हा लिहायची गरज नाही. मी ज्या घरांत सांत्वनाला गेलो, त्यांतल्या माणसांचे चेहरे मला आजही आठवतात, आणि माझ्या भाषणांतला राग तिथूनच आला होता.

परदेशी मदतीबद्दलही मत असंच कडवट होतं. आईच्या पिढीनं १९७२ च्या दुष्काळात रेशनवरची, बाहेरून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली. थापताना चिरणारी, थंड झाली की घशाखाली न उतरणारी ती भाकरी, आणि दुष्काळी कामावर मुलांच्या हातावर पडणारी सुकडी, याबद्दल आई बोलायची तेव्हा तिच्या आवाजात कृतज्ञता असायची आणि लाजही. अमेरिकेनं १९५४ मध्ये पीएल-४८० कायदा केला तो तिकडे साठलेल्या धान्याला वाट काढायला. १९५६ पासून आपण तो गहू घेऊ लागलो. पोट भरलं, हे खरंच आहे. पण साठच्या दशकाच्या मध्यात दुष्काळ पडलेला असताना राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गव्हाची जहाजं महिन्याच्या हिशेबानं, हात आखडून सोडली. शेती धोरण कसं असावं आणि व्हिएतनामबद्दल भारतानं काय बोलावं, यावर त्यांचं लक्ष होतं. देणाऱ्याची मर्जी फिरली की ताट ओढून घेता येतं, हे तेव्हा देशाला समजलं.

इथे एक अपवाद नोंदवला पाहिजे, कारण पुढे विचार करताना तो मला फार उपयोगी पडला. युरोपात साचलेली दूध पावडर आणि बटर ऑइल १९७० पासून जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत भारतात आलं. ते फुकट वाटलं असतं तर इथल्या दूध उत्पादकाचा भाव बसला असता. वर्गीस कुरियन यांनी ते फुकट वाटू दिलं नाही. शहरांच्या दूध योजनांतून ते दूध म्हणून विकलं आणि आलेल्या पैशातून सहकारी दूध संघ उभे केले. देणारे श्रीमंतच होते, मालही त्यांना नकोसा झालेलाच होता; पण तो कसा वापरायचा ही अट आपली होती. ऑपरेशन फ्लडचं मी नेहमी कौतुक केलं, पण त्यातला नेमका धडा माझ्या व्यापाराच्या मताला लागू होतो हे बराच काळ डोक्यात आलं नाही.

ते डोक्यात आलं ब्राझीलमुळे. ब्राझीलनं २००२ मध्ये अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध जिनिव्हात, व्यापार संघटनेच्या मुख्यालयात तक्रार केली. कॅलिफोर्निया विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ डॅनियल समनर यांनी ब्राझीलच्या बाजूनं आकडेमोड मांडली: हे अनुदान नसतं तर रुईचा जागतिक भाव साडेबारा टक्क्यांच्या आसपास जास्त राहिला असता. स्वतःच्याच देशातल्या शेतकऱ्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. २००४ मध्ये निकाल ब्राझीलच्या बाजूनं लागला आणि मार्च २००५ मध्ये अपिलातही टिकला. जगातली सगळ्यात मोठी सत्ता एका विकसनशील देशापुढे कापसावरून हरली. अमेरिकेच्या अनुदानामुळे आपला भाव पडतो, हे आम्ही मोंढ्यात, चौकात ओरडून सांगत होतो. ते कागदावर, न्यायासनापुढे सिद्ध झालं ते त्याच संघटनेत, जिच्यातून बाहेर पडा असं मी सांगत होतो. भारत त्या खटल्यात त्रयस्थ पक्ष म्हणून हजर होता. कापूस पिकवणाऱ्या एवढ्या मोठ्या देशानं तो खटला स्वतः का लढवला नाही, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो आहे.

पुढे काय झालं तेही सांगतो, कारण ते सगळं काही सुखावणारं नाही. अमेरिकेनं अनुदान पुरतं काढलं नाही. ब्राझीलला बदला म्हणून कर लावायची परवानगी मिळाली, तेव्हा २०१० पासून अमेरिका ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या निधीला वर्षाला सुमारे १४ कोटी ७० लाख डॉलर देऊ लागली, आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. म्हणजे स्वतःचं अनुदान चालू ठेवण्यासाठी दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्यालाही पैसे दिले. ब्राझीलला निदान ते मिळाले, कारण त्याच्या हातात निकाल होता.

ज्यांच्या हातात निकाल नव्हता त्यांचं काय झालं ते बघा. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे चार गरीब देश कापसावर जगतात. बुर्किना फासोचे राष्ट्राध्यक्ष ब्लेज कोम्पाओरे १० जून २००३ रोजी स्वतः जिनिव्हात गेले आणि मागणी मांडली, की आम्हाला मदत नको, श्रीमंत देशांचं कापूस अनुदान बंद करा. मेक्सिकोतल्या कॅनकुनच्या परिषदेत त्याच वर्षी जो मसुदा पुढे आला त्यात अनुदान बंद करण्याचं वचन नव्हतं. या देशांनी कापसाकडून दुसरीकडे वळावं आणि त्यासाठी त्यांना मदत व्हावी, असा सूर होता. परिषद फिसकटली. हे वाचताना मला आपला २००६ चा जुलै आठवला. पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि बुलढाण्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या पैशातून काही कामं झाली, व्याज माफ झालं, हे मी नाकारत नाही. पण मागितला होता भाव. बुर्किना फासोच्या माणसाला जे मिळालं तेच खामगावच्या माणसाला मिळालं: दामाच्या जागी मदत. तिथपासून मी मदत आणि व्यापार या दोन गोष्टी वेगळ्या धरणं सोडलं.

दुसरा फरक पडला तो तारखांनी. अलीकडे एका बैठकीत मी नेहमीसारखा बोलत होतो. पिंपळगाव राजाकडचा एक तरुण उठला आणि म्हणाला, “काका, तुमी इतके वर्सं म्हन्ता का डब्ल्यूटीओतून बाहेर पडा. मंग ऑगस्टात रुईवरची ड्यूटी कोनं काढली? थ्या जिनिव्हावाल्यानं का आपल्या दिल्लीवाल्यानं?” मी त्याला तिथल्या तिथे काहीतरी उत्तर दिलं. घरी येऊन कागद काढून बसलो.

२०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं. ऑगस्टमध्ये सरकारनं १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, ऑक्टोबरमध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ सीमाशुल्क शून्यावर आणलं, डिसेंबरमध्ये सोयाबीनचे वायदे बंद केले. सोयाबीन तेलावर ४५ टक्क्यांपर्यंत शुल्क लावायची मुभा जागतिक व्यापार संघटनेनं आपल्याला दिलेली आहे, पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत. शून्यावर या, असं तिथे कुणीही सांगितलं नव्हतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये कापूस दहा-बारा हजारांना पोचला तेव्हा रुईवरचं ११ टक्के आयातशुल्क काढलं गेलं. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कच्च्या खाद्यतेलाचं मूळ शुल्क वाढवलं, शेतकऱ्याला जरा धीर आला, आणि ३० मे २०२५ ला, पेरणीच्या तोंडावर, ते निम्म्यावर आणलं. आणि १९ ऑगस्ट २०२५ पासून रुईवरचं शुल्क पुन्हा शून्य झालं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. नेमकी वेचणी सुरू होण्याच्या काळात. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० जाहीर होता, खासगी खरेदी त्याच्या खाली चालली. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला द्यायचा तर मोबाइलवर कपास किसान ॲपमध्ये नोंदणी हवी आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. त्या वर्षी परतीच्या पावसानं शेतातच भिजलेला कापूस घेऊन माणसं रांगेत उभी होती. यातला एकही निर्णय जिनिव्हाच्या नियमानं भाग पाडलेला नव्हता. सूतगिरण्यांना, कापड उद्योगाला स्वस्त रुई हवी होती, शहराला स्वस्त तेल हवं होतं. त्यांची बाजूही मला कळते. तिरुपूर-इचलकरंजीच्या कामगाराचं घरही त्याच धाग्यावर चालतं. पण किंमत प्रत्येक वेळी एकाच माणसानं का मोजायची?

आणि हे शुल्क ज्या महिन्यात काढलं तो महिनाही बघा. अमेरिकेनं भारतीय मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के, असा ५० टक्के कर लादला. एका सदस्य देशाला एक आणि दुसऱ्याला दुसरा कर लावायचा नाही, हा या संघटनेचा अगदी पहिला नियम. तो बाजूला सारून हे झालं. त्याच वर्षी १ जुलैला अमेरिकेची मदतसंस्था यूएसएड बंद पडली, आणि आफ्रिकेतल्या दवाखान्यांपर्यंत जाणारी औषधं महिनोन्महिने आधीच अडकली होती. व्यापार आणि मदत या दोन्ही गोष्टी एका माणसाच्या मर्जीवर आल्या की दुबळ्या देशाचं काय होतं, ते या एका वर्षात आपण बघितलं. नियम फेकून द्या म्हणताना नंतर काय उरेल याचं चित्र माझ्यापुढे नव्हतं. आता आहे.

तेव्हा माझं आजचं मत असं: आपण तिथून उठून येऊ नये. तिथे बसावं आणि दात-ओठ खाऊन भांडावं. कारण आजचे नियम आपल्या बाजूचे नाहीतच. हमीभावातून आपण शेतकऱ्याला किती आधार देतो हे मोजताना आजचा हमीभाव १९८६ ते ८८ च्या काळातल्या भावाशी ताडून बघतात. मधल्या काळात डिझेल, मजुरी, बियाणं, खत किती वाढलं याला त्या गणितात पुरेशी जागा नाही. त्याच गणितावर नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेनं आरोप केला, की भारत कापसाला उत्पादनमूल्याच्या ५३ ते ८१ टक्के आधार देतो, मर्यादा १० टक्क्यांची असताना. खामगावच्या यार्डात हमीभावाच्या खाली कापूस विकून आलेल्या माणसाला हा आकडा सांगून बघा. आणि ज्या अमेरिकेनं हा आरोप केला तिला स्वतःला १९ अब्ज डॉलरहून जास्त आधार द्यायची मुभा आहे, कारण नियम लिहिले गेले तेव्हा ती आधीपासून भरपूर देत होती. आधी जास्त दिलं म्हणून पुढेही जास्त द्यायचा हक्क! २०१३ मध्ये बालीत भारतानं अडून बसून अन्नधान्य खरेदीला संरक्षण मिळवलं. ते पारंपरिक मुख्य अन्नपिकांपुरतं आहे, कापूस त्यात नाही. कापसासाठी तेवढ्याच हट्टानं कुणी अडून बसलेलं मला दिसत नाही.

शरद जोशींचं म्हणणं मला आता तेव्हापेक्षा जवळचं वाटतं, पूर्ण पटत नाही. बाजार खुला झाला की न्याय मिळेल, असा त्यांचा विश्वास होता. मला वाटतं, खुला बाजार न्यूयॉर्कचा भाव जसाच्या तसा आणून यार्डात ओततो, आणि त्या भावात दुसऱ्याचं अनुदान असतं. पण भाव पाडणारा पहिला हात आपल्याच सरकारचा असतो, हे त्यांनी फार आधी सांगितलं होतं.

सभांत आता मी दोन मागण्या मांडतो. ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे कापूस आणि सोयाबीन शेतकऱ्याच्या घरात असतं तोवर, आयातशुल्काला हात लावू नका. लावायचाच तर पेरणीआधी जाहीर करा, म्हणजे माणूस काय पेरायचं ते ठरवेल. आणि आफ्रिकेच्या त्या चार देशांबरोबर उभे राहा. आपण मोठे उत्पादक आहोत, ते लहान आहेत, पण भांडण एकच आहे.

एका जागी मात्र माझं अजून ठरत नाही. जिनिव्हाचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद पडलं आहे, कारण अमेरिका त्यावर नवे सदस्य नेमू देत नाही. मला त्याचा संताप येतो. पण डिसेंबर २०२१ मध्ये साखरेच्या खटल्यात ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालानं भारताविरुद्ध निकाल मिळवला, तेव्हा आपण याच बंद पडलेल्या मंडळाकडे अपील केलं, आणि निकाल तिथेच अडकला. उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, त्यामुळे वाचली. कोल्हापूर-सांगलीतल्या मित्रांना याचा आनंद झाला, मलाही झाला. तोच ब्राझील कापसात माझा वकील होता आणि उसात माझा फिर्यादी. ते मंडळ पुन्हा सुरू व्हावं असं मी सभेत म्हणतो, तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातला एखादा ऊसवाला उठून विचारील, की मग आमचं काय. त्याला म्हणेन की आधी १९८६ चा भाव बदलून घेऊ आणि मग मंडळ उघडू. ते कोण आणि कधी बदलून घेणार, असं त्यानं पुढे विचारलं तर सांगायला माझ्याजवळ अजून काही नाही.